बनुबाईला खाष्ट सासू हवी होती

येळवडीतल्या पोरी खाष्ट सासू मिळू नये म्हणून नवस बोलतात. बनुबाईनं मात्र चांगली कजाग, काळजाला घरं पाडणारी सासू मिळावी म्हणून अख्खा उन्हाळा गाव पालथं घातलं, आणि ते घरात स्वतःची सासू धडधाकट असताना! गावानं तिला येड्यात काढलं. गावाचं काय, गाव कुणालाही काढतं.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. येळवडी म्हणजे वारं इकडचं असलं की माधवनगरच्या गिरणीचा भोंगा ऐकू येणारं गाव. ऊस, म्हशी आणि दर दोन घरांआड एक पलटणीतला गडी. बनुबाई इथं खंडाळ्याकडून लग्न होऊन आली. शाळा दाराशीच होती म्हणून बापानं सातवीपर्यंत शिकू दिली, शाळा लांब असती तर तेवढीही शिकली नसती. नवरा लालासाहेब फौजेत, वर्षाकाठी एकदा रजेवर यायचा. घरात ती आणि सासू अंबूबाई, दोघीच. अंबूबाई तरणेपणी विधवा झालेली, दुसऱ्याच्या बांधावर राबून तिनं लेक वाढवलेला. बोलायला फटकळ, पण सुनेच्या ताटात तूप वाढताना हात आखडणारी नव्हे. तेव्हा हे आधीच सांगून टाकलेलं बरं, की बनुबाईच्या नाटकातली सासू अंबूबाईवरून उचललेली नव्हती. लोकांनी तसं म्हणायचं ते म्हटलंच.

बनुबाईला लहानपणापासून एक खोड. दोन तोंडांनी बोलायची. म्हशीला पाणी पाजताना एकदा आपण बोलायची आणि एकदा म्हशीच्या वतीनं. "पी की गं बया." "पिते की, घाई कसली तुला? बादली आधी घासलीस का?" अंबूबाई सोप्यात बसून कपाळाला हात लावायची, आणि हळूच हसायचीही.

नागपंचमीला येळवडीच्या बायका मारुतीच्या देवळापुढच्या फरशीवर फेर धरतात. फुगड्या झाल्या, झिम्मा झाला, की शेवटी सासू-सुनेचं भांडण लागतं. बायकांच्या दोन रांगा समोरासमोर. एक रांग सासूची, एक सुनेची. सून माहेरी जाऊ का म्हणते, सासू कारलीचं बी पेर म्हणते, मग कारलीला येल येऊ दे म्हणते, असं सगळं ठरलेलं. त्र्याहत्तरच्या पंचमीला बनुबाई सुनेच्या रांगेत पुढं होती. ठरलेलं गाणं संपल्यावर हिला चेव आला. हिनं आपल्या मनानं एक सवाल टाकला, "आत्याबाई, कारलं झालं, येल झाला, मला खरं सांगा, तुमच्या पोटात काय हाय?" समोरच्या रांगेला काही सुचेना. सासूच गप्प झाली म्हटल्यावर भांडण काय होणार? बायका हसल्या आणि पानसुपारी घेऊन घरी गेल्या. बनुबाई मात्र चरफडत बसली. तिच्या डोक्यात बसलं ते एवढंच, की पुढच्या पंचमीला पुरतं नाटक करायचं, आणि सासूला वाचा असली पाहिजे.

लिहायला बसली. सुनेचं बोलणं झराझर उतरलं. सासूची पाळी आली की घोडं अडायचं. लिहिता लिहिता हिलाच सासूची दया यायची. बिचारी म्हातारी, तिचे गुडघे दुखत असतील, तिलाही कुणी छळलं असंल. असं करत करत तिसऱ्या कागदावर सासू सुनेसाठी शिरा करायला लागली. शिरा करणारी सासू घेऊन काय नाटक करायचं, कपाळ? बनुबाईनं ते कागद चुलीत घातले आणि ठरवलं, सासू दुसऱ्या कुणीतरी लिहायची. सुनेचं मी लिहीन, सासूचं तू लिही. माझं वाचून तू उत्तर दे, तुझं वाचून मी देईन. पुढं काय येणार ते दोघींनाही ठाऊक नको. आपापलं तोंड आपापल्याकडं.

आधी गेली मास्तरांच्या बायकोकडं, विजयमालेकडं. विजयमाला मॅट्रिक झालेली, अक्षर मोत्यासारखं. तिनं मोठ्या हौसेनं कागद घेतला आणि दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं: 'सूनबाई, तू दमली असशील, जरा टेक. मी भाकऱ्या थापते.'

"विजूताई, ही सासू हाय का देवळातली देवी?" बनुबाई म्हणाली.

विजयमालेनं इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "बनू, तुला म्हणून सांगते. माझा थोरला आता वरच्या वर्गात गेला. उद्या त्याला मुली सांगून येतील. आणि आईचं नाव खाष्ट सासू म्हणून पंचक्रोशीत झालं तर कोण देईल गं मुलगी? तूच सांग."

हेच दुखणं घरोघर निघालं. जिला म्हणून विचारावं तिला ल्योक, आणि जिला ल्योक तिला भीती. येळवडीत असं मानतात, की सोंगात घेतलेलं नाव अंगाला चिकटतं. बायका तरी काय करणार, मागं एकानं जत्रेच्या नाटकात सावकार केला होता, त्याला मरेपर्यंत पोरंटोरं सावकारच म्हणत होती, आणि त्याच्या खिशात कधी विडीला पैसा नव्हता.

मग राहिली लीलाबाई. लीलाबाईची कोंबडी चुकली तर तीन गल्ल्यांना त्यांच्या सात पिढ्यांची माहिती मिळायची, असं तिचं तोंड. बनुबाईला वाटलं, हिच्यासारखी सासू त्रिभुवनात नाही. लीलाबाईनं विचारणा ऐकली मात्र, कमरेला पदर खोचला. "म्हंजे मी वाईट हाय व्हय गं? मी खाष्ट? माज्या दारात येऊन माजीच आब्रू काढतीस?" तिथून जी सुरू झाली ती उन्हं कलली तरी थांबेना. एकेक शब्द असा, की बनुबाईला हळहळ वाटली, हाताशी पेन्सिल नव्हती. पण कागदावर लिहायचं म्हटलं की तीच लीलाबाई मुकी. "मला सही येती," म्हणाली, "आन् ती बी रेशनपुरती."

उन्हाळा असा फुकट गेला. मग आषाढातल्या एका गुरुवारी बांगड्या भरायला सुगराबी आली.

सुगराबी माधवनगरची बांगडीवाली. पन्नाशीची बाई, काठीसारखी ताठ, डोक्यावर वेताची पाटी आणि खांद्याला बांगड्यांच्या माळा. दर गुरुवारी येळवडीत यायची. बायका तिला चाची म्हणत. तिच्या हातात असं कसब, की केवढाही आखडलेला पंजा असो, अंगठ्याच्या बुडाशी ती असा दाब द्यायची की काकणं सरसर मनगटात. भरून झाली की लेकीसुना तिच्या पाया पडत. पाटलीणसुद्धा पडे. बांगडी भरणारीच्या पाया पडायचं, ती कुठल्या जातीची हे तिथं कुणी मध्ये आणत नसे. रीतच ती.

त्या गुरुवारी बनुबाईच्या हातात हिरवा चुडा चढवता चढवता सुगराबी कुठल्याशा गावची एक सासू सांगू लागली. आवाज एकदम बदलला तिचा. मऊ झाला, खाली आला. "'घाल गं सुगराबी, सावकाश घाल. आमच्या सुनबाईचा हात नाजूक हाय. कामाला कवा लावलाच न्हाई न्हवं तिच्या आईनं.' असं म्हणती बाळ, हसून. आन् पोरगी खाली मान घालून रडती."

बनुबाई पुढं सरकली. "चाची, वरडत न्हाई ती?"

"वरडती ती दमलेली असती बाळ. तिचं काय भ्यायचं? खरी खाष्ट हळू बोलती. मी रोज चार घरांत हात धरून बसते, मला कोण शिकवणार?"

"चाची," बनुबाई म्हणाली, आणि चुडा अर्धा तसाच ठेवून तिनं सुगराबीचा हात धरला, "माजी सासू व्हता?"

सगळं ऐकल्यावर सुगराबी मोठ्यांदा हसली. "आगं मला ल्योकच न्हाई. तीन पोरी, तिन्ही दिल्या. मला कोण पोरगी द्यायची न्हाई म्हणणार? चौथीपर्यंत मराठी शाळंत गेले हाय, लिवायला येतंय. आण तुजा कागूद."

बनुबाईनं पहिलं पान दिलं. सून पहाटेपासून काय काय करते याची मोठी कैफियत होती त्यात, दळण, पाणी, शेण, धुणं, सगळं. पुढच्या गुरुवारी सुगराबीनं पाटीतून बांगड्यांच्या खोक्याचा जाड कागद काढून दिला. त्यावर ठसठशीत अक्षरात एकच ओळ होती: 'व्हय तर. ह्या घरात सूर्य बी तुलाच इचारून उगवतो.'

बनुबाईनं ती वाचली आणि तिचं डोकंच फिरलं. संध्याकाळची भाकरी करपली. आमटीत मीठ दोनदा पडलं. रागानं तिनं चार पानं उत्तर लिहिलं आणि मग त्यातली साडेतीन फाडली, कारण समोरची बाई एका ओळीत मारत होती. हिलाही तसंच मारायला पाहिजे होतं. तिथून पुढं दोघींची जी जुंपली ती काय विचारता! कागदावर एकमेकींची सालटी काढायच्या, आणि ओट्यावर बसल्या की सुगराबी विचारायची, "जेवलीस का बाळ? तोंड का उतरलंय?" एका गुरुवारी बनुबाई खरोखरच रडली. सासूनं लिहिलं होतं, 'तुज्या आईनं तुला दिली न्हाई, टाकली.'

"चाची, हे लय लागलं मला."

"लागू दे," सुगराबी म्हणाली. "मी न्हाई लिवलं. तिनं लिवलं. तू सुनंला इचार, तिला काय म्हणायचंय."

नाटक उभं राहिलं. सून बनुबाईच होणार आणि सासू सुगराबी, हेही ठरलं. आता पडदा पाहिजे. गावच्या तरुण मंडळाकडं राजवाडा रंगवलेला पडदा होता, माईक होता, आणि त्या सगळ्यावर नानासो नावाचा सेक्रेटरी होता. बनुबाई पडदा मागायला गेली. नानासोनं पान लावत सगळं ऐकलं.

"वहिनी, पडदा देऊ की. पर दोन गोष्टी. येक म्हंजे शेवटी सासूनं सुनंची माफी मागायची. लोक चांगलं बघून घरला गेलं पायजेत. आन् दुसरं..." त्यानं पान तोंडात घातलं. "सुगराबी सासू हुणार. मग सासूचं नाव बी त्यांच्यातलंच ठेवा की. म्हंजे आपल्या बायांना लागायचं न्हाई."

बनुबाईचं डोकं तिथंच सटकलं. "भावजी, त्या चाची ज्या सासवा सांगत्यात त्या तुमच्या-आमच्या घरातल्या. त्यांच्या घरातल्या न्हाईत. आमचं इख आमीच केलंय, ते दुसऱ्याच्या नावावर कशापायी घालायचं? नाटकातली सासू पवाराच्या घरातली हाय, ती पवाराचीच ऱ्हाणार. आन् माफी बी मागणार न्हाई."

"मग पडदा न्हाई."

"नसंना. पंचमीला देवळाम्होरली फरशी बायकांची असती. तिथं तुमचा पडदा बी नगं आन् तुमी बी नगं."

पडद्याचं असं निभावलं. खरी अडचण घरात उभी राहिली.

नाटकाचा शेवट बनुबाईनं मनात धरून ठेवला होता. सासू सुनेला घराबाहेर काढते, आणि काढताना तिच्या हातातला चुडा फोडते. नवरा जिवंत असताना फोडते. त्याशिवाय सून पेटून उठणार नाही, असं बनुबाईचं म्हणणं. ही गोष्ट तिनं विश्वासानं विजयमालेला सांगितली, ती तिच्या तोंडून फुटली आणि अंबूबाईच्या कानावर गेली.

अंबूबाई गोठ्यातून आली ती शेणाच्या हातानंच. "काकणं फोडणार हाय म्हणं तू?"

"नाटकात, आत्याबाई."

"नाटकात का हुईना. काच काय नाटकातली असती व्हय? माजा ल्योक तिकडं बरफात हुबा हाय बंदूक घिऊन. आन् तू हिकडं गावाम्होरं चुडा फोडून घेणार?" म्हातारीनं आपली मोकळी मनगटं पुढं केली. "मी ऐकलाय त्यो आवाज. नदीवर माज्या हातावर दगूड घातला हुता चौघींनी. अजून कप फुटला तरी माजं काळीज हालतंय. तुला न्हाई कळायचं."

बनुबाईला कळत होतं. पण तिचंही एक गळू होतं, एकाहत्तरच्या लढाईतलं. तेव्हा सासूनं तिला पोहऱ्याला हात लावू दिला नव्हता, धुणं आपटू दिलं नव्हतं, बांगडी वाढंल म्हणून. फुटंल हा शब्दसुद्धा घरात उच्चारायचा नाही. आणि एके दिवशी दाराच्या कडीला लागून एक बांगडी गेलीच. अंबूबाई जेवली नाही. गल्लीतल्या बायका बनुबाईकडं असं बघायच्या, जसं काय तिनंच तिकडं जाऊन गोळी घातली. लालासाहेब मग धडधडीत जिवंत आला, मिशा वाढवून आला, पण ते दिवस बनुबाईच्या मनातून गेले नव्हते. रात्रंदिवस हात पोटाशी धरून बसायचं, नवऱ्याची काळजी करायची सोडून काचेची करायची, याचा तिला संताप होता.

"आत्याबाई," ती म्हणाली, "काचंत जीव असता तर सरकारनं पलटणीला बंदुका कशाला दिल्या असत्या? बांगड्याच वाटल्या असत्या की."

हे बोलायला नको होतं असं काहीजणी म्हणतात. म्हणोत. बोलली खरी.

अंबूबाईनं शेणाचे हात झटकले. मग म्हणाली, "बरं. तर माजं बी ऐक. ज्या दिशी तुजा चुडा फुटंल त्या दिशी ह्या घराचं दार तुला बंद. खंडाळ्याची यष्टी धर. लालाला मी सांगीन काय सांगायचं ते." आणि हात धुवायला गेली.

ही बाई बोललेलं मागं घेत नाही, हे बनुबाईला चांगलं ठाऊक होतं. रात्रभर तळमळली. सकाळी उठली तेव्हा मात्र मनानं घट्ट झाली होती. घर गेलं तर जाईल, पण सून पेटल्याशिवाय नाटक होणार नाही. गुरुवारी तिनं सुगराबीला सांगितलं, चुडा फोडायचा.

सुगराबीनं पाटी खाली ठेवली. "बाळ, जल्मभर मी हात भरत आले. फोडाय कुणी आजवर सांगितलं न्हाई."

"मग न्हाई फोडणार?"

"कुणाची पाळी हाय ती? सासूची न्हवं? आपापलं तोंड आपापल्याकडं, असं तूच म्हणालीस. मग सासूचा हात बी सासूकडं. मी काय करीन ते तुला सांगणार न्हाई. तू तुजं उत्तर घिऊन ये." बनुबाईनं आपल्या परीनं चुडा फुटणारच असं धरलं आणि तसं उत्तर पाठ केलं.

पंचमीचा दिवस उजाडला. वारुळाला जाऊन आल्या, पुरणाची दिंडं खाऊन झाली, आणि दुपारी सगळ्या येळवडीच्या बायका देवळापुढच्या फरशीवर जमल्या. फेर झाला, झिम्मा झाला. अंबूबाई आली, पण सगळ्यात मागं, पिंपळाच्या पाराला टेकून उभी राहिली. ती आलेली बघून बनुबाईनं पदर खोचला. नानासो आणि दोन-चार गडी लांब पिठाच्या गिरणीच्या वळचणीला उभे होते, आपण सहज उभे आहोत असं दाखवत.

नाटक सुरू झालं. सुगराबीनं काठापदराचं जुनं नऊवारी नेसलं होतं, विजयमालेनं दिलेलं. कपाळाला काही लावलं नव्हतं. पवाराची विधवा सासू ती. पहिलं वाक्य ती इतकं हळू बोलली, की मागच्या बायका पुढं सरकल्या. "आलीस व्हय पाणी घिऊन? बरं झालं. मला वाटलं, हिरीवरच दुसरं घर मिळालं तुला." बायका हसल्या. पुढच्या वाक्याला थोड्या हसल्या. त्याच्या पुढच्या वाक्याला कुणी हसेना. ज्या बाईच्या पाया आदल्याच गुरुवारी सगळ्या पडल्या होत्या, तिच्यावर ओरडावं कसं, हेच त्यांना कळेना. लीलाबाई तेवढी म्हणाली, "आगं बया, ही तर माजी आत्याबाईच!" आणि डोळ्याला पदर लावला.

शेवट जवळ आला. सासूनं सुनेला निघ म्हणून सांगितलं. सून हलेना. सासूनं तिचं मनगट धरलं.

मागं अंबूबाई पारापासून सुटून पुढं आली. बनुबाईनं डोळे मिटले आणि काच फुटायची वाट बघत उभी राहिली.

काच फुटली नाही. अंगठ्याच्या बुडाशी एक ओळखीचा दाब पडला, आणि एक बांगडी सरकन पंजावरून उतरली. मग दुसरी. मग तिसरी. सुगराबी घाई न करता, एकेक बांगडी अख्खी काढून आपल्या बोटात अडकवत होती. दोन्ही हात मोकळे झाले तेव्हा तिनं बांगड्या उन्हात धरून बघितल्या, कुठं टवका गेला नाही ना म्हणून.

"फोडू कशाला?" ती त्याच मऊ आवाजात म्हणाली. "माज्या ल्योकाच्या पैशाच्या हायत. दुसरी आणायची हाय मला. तिला घालीन." आणि बनुबाईच्या उघड्या मनगटावरून बोट फिरवून म्हणाली, "ह्याच मापाची आणीन."

बायकांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो सांगता येत नाही. विजयमाला ताडकन उभी राहिली. कुणी "मेली तुजी सासू" म्हणालं, कुणी रडायलाच लागलं. आणि त्या सगळ्यांना बाजूला सारत अंबूबाई पुढं घुसली. तिचं तोंड लाल झालं होतं.

"सुगराबी! घाल आधी ती काकणं परत! माज्या सुनंचा हात मोकळा ठेवतीस? घाल म्हणते न्हवं!"

सुगराबीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती सासूच राहिली. पाळी सुनेची होती.

बनुबाई उघड्या हातांनी उभी होती. पाठ केलेलं उत्तर फुटलेल्या चुड्यासाठी होतं. ते आता मातीमोल झालं होतं. लग्न झाल्यापासून मोकळे हात तिनं बघितलेच नव्हते. मनगटावर पांढरा वळ होता. नाटकातली सासू एकीकडून जा म्हणत होती, खरी सासू अंगावर धावून येत होती, आणि अख्खं गाव तिच्या तोंडाकडं बघत होतं. तिला भीती वाटली आणि त्या भीतीचाच राग आला.

"आत्याबाई," ती अंबूबाईला म्हणाली, "खाली बसा. अजून माजं बोलणं व्हायचंय."

अंबूबाईनं डोळे वटारले. पण बसली. पुढच्या रांगेत, फरशीवर, मांडी घालून बसली.

बनुबाई सुगराबीकडं वळली. "आणा दुसरी. माज्या मापाची आणा. पर येक इसरलासा तुमी. बांगडी फुटंल म्हणून आजवर मी हात जपून वागले. पाणी जपून वढलं, दार जपून लावलं, तुमच्याम्होरं बोलताना हात बी हालवला न्हाई. आता जपायचं काय ऱ्हायलं?" तिनं दोन्ही मोकळे हात पुढं केले. "मी ह्या घरातनं जाणार न्हाई. लावा दार. बघू तुमचा हात आधी दमतोय का माजा."

नाटक तिथं संपत होतं. सुगराबी काही बोलणार नव्हती, माफी तर नाहीच नाही.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून अंबूबाई ओरडली, "आगं, पर दार लावतंय कोण तुज्यावर!"

बनुबाईनं मान वळवली. सुनेचं सोंग तिनं अजून उतरवलं नव्हतं, आणि उतरवायचा तिचा विचारही दिसेना.

"तुमीच म्हणालासा, आत्याबाई. गोठ्याम्होरं."

सगळ्या बायकांच्या माना अंबूबाईकडं वळल्या. म्हातारीनं एकदा सगळ्यांकडं बघितलं, एकदा सुनेच्या हातांकडं. माफी मागायचा तिच्या घराण्यात रिवाज नव्हता. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पदर सावरला.

"म्हणले असंन," ती ठणकावून म्हणाली. "सासू हाय मी, म्हणणारच. आजवर माजं कवा ऐकलंस, म्हणून तेवढंच ऐकतीस? चल घरला. म्हशीचं दूध काढायचंय."